चाई : केस गळाले तरी मूळ जिवंत असते

डोक्यावरील रुपयाएवढ्या जागेतले केस एकाएकी नाहीसे होतात. त्या जागी कातडी गुळगुळीत दिसते. खाज नसते, दुखत नाही, पू नसतो. पुष्कळदा ज्याला हे होते त्याच्या लक्षातही येत नाही. केस कापताना न्हावी दाखवितो किंवा वेणी घालताना आई पाहते. यालाच आपल्याकडे ‘चाई पडणे’ म्हणतात. आयुर्वेदात याला ‘इंद्रलुप्त’ असे नाव आहे. डॉक्टर त्याला ‘अलोपेशिया एरियाटा’ म्हणतात. हे नाव सोव्हाज नावाच्या फ्रेंच वैद्याने दिले. त्यातील पहिला शब्द ग्रीक भाषेतील कोल्ह्यावरून आला आहे, कारण खरजेने केस झडलेला कोल्हा त्या लोकांच्या नित्य पाहण्यातला होता.

चाईने कोणी दगावत नाही. तरीही तिने घराघरांत जेवढे दुःख होते तेवढे काही मोठ्या आजारांनीही होत नाही. शाळेत मुलाला चिडवितात. ज्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतात तिच्या आईची झोप उडते. कोणी त्या माणसाचा टॉवेल आणि फणी वेगळी काढतात, कोणी ‘हा कशाचा तरी भोग आहे’ असे कुजबुजतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे, कोणीतरी सांगितले म्हणून त्या कोवळ्या जागेवर बिब्बा लावतात. मग जो रोग कदाचित आपोआप बरा झाला असता त्याच्या जागी जखम आणि कायमचा व्रण उरतो. म्हणून हा रोग काय आहे, तो कसा ओळखावा आणि त्यावर आज कोणते उपाय आहेत, हे आपण नीट समजून घेऊ.

मुळाशी काय घडते?

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीतील एका लहानशा पिशवीतून उगवतो. तो काही वर्षे वाढतो, मग विश्रांती घेतो, गळतो आणि त्याच जागी नवा केस येतो. रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचेही आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांना घराच्या राखणीच्या कुत्र्याप्रमाणे समजावे. कुत्र्याने चोरावर भुंकावे आणि घरच्यांना ओळखावे अशी आपली अपेक्षा असते. परंतु कधी कधी हा राखणदार चुकतो आणि घरच्याच माणसाला चावू लागतो. शरीराची संरक्षणशक्ती जेव्हा शरीराच्याच एखाद्या भागावर उलटते तेव्हा त्या रोगाला स्वप्रतिकार रोग म्हणतात. कोड आणि थायरॉइड ग्रंथीचे काही विकार याच जातीचे आहेत. चाई हीही त्यांचीच बहीण होय.

वाढत्या केसाचे मूळ एरवी या पेशींच्या नजरेपासून जणू लपलेले असते. चाईत ही लपण दूर होते आणि पांढऱ्या पेशी मुळाभोवती गोळा होतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे दृश्य इतके स्पष्ट दिसते की वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला मधमाश्यांच्या थव्याची उपमा दिलेली आहे. या हल्ल्याने केस कमकुवत होऊन तुटतो किंवा गळून पडतो.

आता मुख्य गोष्ट ध्यानात घ्यावी. हल्ला होतो तो केसाच्या वाढत्या भागावर. ज्या बीजपेशींतून पुन्हा पुन्हा नवा केस तयार होतो त्या थोड्या वरच्या बाजूला असतात आणि त्या शाबूत राहतात. ऊस तोडल्यावर शेत रिकामे दिसते, पण बुडखा जमिनीत जिवंत असतो आणि पाणी मिळाले की खोडवा फुटतो. चाईचे तसेच आहे. हुमणीने मूळ खाल्लेल्या उसाची गोष्ट निराळी. काही त्वचारोगांत केसांची पिशवीच नष्ट होऊन व्रण पडतो आणि तेथे पुन्हा केस येत नाही. चाईत तसा व्रण पडत नाही. म्हणूनच वर्षानुवर्षे मोकळी राहिलेली जागाही कधी कधी पुन्हा भरून येते. आणि म्हणूनच त्या जागेवर जळजळीत औषध लावून आपल्याच हाताने व्रण पाडणे हा शहाणपणा नव्हे.

दोष कोणाचा?

चाई एकापासून दुसऱ्याला लागत नाही. ती स्पर्शाने, फणीने, टोपीने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर निजल्याने पसरत नाही. केस खाणारा कोणताही किडा रात्री डोक्यावर फिरत नाही. तेल कमी लावले, साबण बदलला, विहिरीचे पाणी खारे होते, यांपैकी कशानेही चाई होत नाही. चिंतेमुळेच हा रोग होतो असेही सिद्ध झालेले नाही. तेव्हा ‘तू फार विचार करतेस म्हणून असे झाले’ हे वाक्य घरात बोलू नये. तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि कोणाची नजरही नाही.

हा रोग दुर्मिळही नाही. शंभर माणसांपैकी सुमारे दोघांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तो होतो. स्त्री-पुरुष, गोरा-काळा, गरीब-श्रीमंत असा भेद तो करीत नाही. पुष्कळांना तो लहानपणी किंवा तरुणपणी प्रथम दिसतो. काही घराण्यांत त्याचा कल अधिक असतो. परंतु एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला चाई झाली तरी दुसऱ्याला होईलच असे नसते. म्हणजे केवळ रक्ताचा वारसा सर्व काही ठरवीत नाही. आईला चाई होती म्हणून मुलीचे स्थळ नाकारणे हे अज्ञान आहे.

चाई की नायटा?

शेतकऱ्याच्या घरात हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, कारण गोठ्यातील नायटा माणसाला लागतो. वासराच्या डोळ्यांभोवती, तोंडावर किंवा मानेवर राखाडी खपलीचे गोल चट्टे दिसले तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा रोग असतो. दूध काढणाऱ्याच्या हातावर आणि वासराला बिलगणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तो उतरतो. या बुरशीचे बीज गोठ्याच्या खांबांवर आणि दाव्यांवर महिनोन्‌महिने टिकून राहते.

दोन्ही रोगांत डोक्यावर गोल जागा मोकळी होते. पण पाहणाऱ्याने फरक पाहावा. चाईची जागा गुळगुळीत, साफ असते. तिच्या कडेला काही आखूड तुटके केस दिसतात; ते टोकाला जाड आणि कातडीजवळ बारीक असतात, उद्गारचिन्हासारखे. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे असले तर तीही चाईची खूण असू शकते. नायट्यात मात्र खवले असतात, खाज असते, केस कातडीलगत तुटून काळे ठिपके दिसतात. कधी सूज येऊन पुवाने भरलेला मऊ गोळा होतो आणि मानेत गाठी येतात.

हा फरक का पाहावयाचा? कारण दोघांचे औषध एकमेकांच्या विरुद्ध आहे. चाईवर जे स्टेरॉइडचे औषध उपयोगी पडते तेच नायट्यावर लावले तर बुरशी माजते. दुकानात सहज मिळणाऱ्या पुष्कळ मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. ते लावल्यावर दोन दिवस खाज थांबते आणि मग रोग दुपटीने पसरतो. डोक्यातील नायट्याला नुसते मलम पुरत नाही. पोटात घेण्याचे बुरशीनाशक औषध काही आठवडे घ्यावे लागते. शंका असेल तर डॉक्टर त्या जागेचे खवले आणि केस खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नायटा ठरला तर मुलाबरोबर वासरावरही उपचार व्हावा आणि गोठाही स्वच्छ करावा.

आणखी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. टायफॉइड, मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सबंध डोक्यावरचे केस विरळ होतात. ती चाई नव्हे आणि बहुधा ते आपोआप भरून येतात. भुवयांचे केस जात असतील आणि त्याबरोबर अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी ताबडतोब करून घ्यावी. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. आणि एकाच गावात पुष्कळांचे केस एकदम जाऊ लागले तर ती चाई असणे शक्य नाही. डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या गावांत असेच घडले. थोड्या दिवसांत अनेकांना टक्कल पडले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथील रेशनच्या गव्हात सेलेनियम फार असल्याचे दाखवून दिले. अशा वेळी सरकारी आरोग्य खात्यास कळवून अन्न आणि पाणी यांची तपासणी मागावी.

पुढे काय होते?

एक-दोन लहान चट्टे असतील तर सुमारे निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. नवे केस प्रथम पांढरे आणि मऊ येतात. घाबरू नये, पुढे त्यांना पुष्कळदा रंग चढतो. परंतु रोग पुन्हा उलटण्याचा संभव असतो, आणि तो केव्हा उलटेल हे कोणी सांगू शकत नाही. थोड्या लोकांत तो सबंध डोक्यावर, क्वचित भुवया-पापण्यांसह सर्व अंगावर पसरतो. फार लहान वयात सुरू झालेली, कानामागून मानेवर पट्ट्यासारखी पसरलेली किंवा नखे बिघडविणारी चाई अधिक चिवट असते. अशा रोग्याने घरी वाट पाहत बसू नये.

उपचार

प्रथम एक खरी गोष्ट सांगून ठेवतो. आज उपलब्ध असलेली औषधे केस परत आणू शकतात, पण रोगाचा कल मुळापासून काढून टाकीत नाहीत. जो कोणी ‘कायमची गॅरंटी’ देतो त्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

लहान चट्ट्यांवर मोठ्या माणसांत सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे त्या जागेच्या कातडीत बारीक सुईने स्टेरॉइडची इंजेक्शने देणे. ती दर चार ते सहा आठवड्यांनी देतात आणि बहुधा एक-दोन महिन्यांत कोंब दिसू लागतात. थोडे दुखते, कधी कातडीला लहान खळगा पडतो, तो बहुतेक भरून येतो. लहान मुलांना सुई सोसत नाही, म्हणून त्यांना लावण्याचे स्टेरॉइड देतात. ते किती तीव्र असावे आणि किती दिवस लावावे हे डॉक्टरांनीच ठरवावे, कारण फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते. मिनॉक्सिडिलचे द्रव औषध जोडीला देतात. ते केसाची वाढ वाढविते, पण पांढऱ्या पेशींचा हल्ला थांबवीत नाही.

चट्टे मोठे असतील तर आणखी एक युक्ती आहे. डायफेनसिप्रोन नावाचे द्रव्य लावून त्या जागेवर मुद्दाम सौम्य पुरळ उठवितात, म्हणजे राखणदाराचे लक्ष दुसरीकडे वळते. हे काम त्वचारोगतज्ज्ञाच्याच हातचे आहे; बिब्ब्याशी त्याची तुलना करू नये. येथे द्रव्याचे प्रमाण अगदी थोड्यापासून मोजून वाढविलेले असते. रोग झपाट्याने पसरत असेल तर काही काळ स्टेरॉइडच्या गोळ्याही देतात. त्या आपल्या मनाने सुरू करू नयेत आणि एकाएकी बंदही करू नयेत.

गेल्या काही वर्षांत या रोगाच्या उपचारात मोठे पाऊल पडले आहे. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठातील संशोधिका अँजेला क्रिस्टियानो यांना स्वतःलाच चाई झाली होती. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाशी निगडित जनुके शोधली आणि पांढऱ्या पेशींना हल्ल्याचा हुकूम कोणत्या मार्गाने पोहोचतो हे २०१४ साली दाखविले. तो मार्ग अडविणाऱ्या गोळ्या इतर रोगांसाठी तयार होत्याच. त्यांपैकी बॅरिसिटिनिब या औषधास जून २०२२ मध्ये अमेरिकेत मोठ्या माणसांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. जून २०२३ मध्ये बारा वर्षांपुढील मुलांनाही चालणाऱ्या रिटलेसिटिनिबला आणि जुलै २०२४ मध्ये ड्यूरुक्सोलिटिनिबला ती मिळाली.

या गोळ्यांचे फळ किती? ज्यांचे डोक्यावरचे निम्मे किंवा त्याहून अधिक केस गेले होते अशा रोग्यांवर बॅरिसिटिनिबची परीक्षा झाली. मोठी मात्रा घेणाऱ्या शंभरांपैकी पस्तीस ते चाळीस जणांचे डोके छत्तीस आठवड्यांत बहुतांशी भरून आले. नकली गोळी घेणाऱ्यांत असे शंभरात तीन ते सहाच होते. म्हणजे आशा खरी आहे, पण सर्वांना गुण येत नाही. गोळी बंद केल्यावर अनेकांचे केस पुन्हा जातात. शिवाय ही औषधे संरक्षणशक्तीच कमी करतात. म्हणून ती सुरू करण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या झाल्याच पाहिजेत. पूर्वी रक्ताची गुठळी झाली असेल, गरोदरपण असेल किंवा त्याचा विचार असेल, तर तसे डॉक्टरांना आधी सांगावे. खर्च किती दिवस झेपेल हेही संकोच न करता विचारावे. एकरभर जमीन गहाण टाकून घेण्याचे हे औषध नव्हे.

बेळगावचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय येथे त्वचारोगाचे विभाग आहेत. आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तेथे जावे. थायरॉइडची लक्षणे असतील तर तीही तपासणी करून घ्यावी.

हे करू नये

१. बिब्बा, रॉकेल, चुना, तंबाखूचे पाणी किंवा पिकावरचे कीटकनाशक डोक्याला लावू नये. कीटकनाशक कातडीतून अंगात भिनते आणि जिवावर बेतते.

२. गुंजेची पूड लावण्याची रीत काही ठिकाणी आहे. गुंज विषारी आहे. खरडलेल्या कातडीवर ती लावणे धोक्याचे आहे.

३. ब्लेडने किंवा खरबरीत कापडाने रक्त येईपर्यंत जागा खरडू नये.

४. कांद्याचा रस चोळण्याने बहुधा अपाय होत नाही, पण त्या भरवशावर पसरणाऱ्या चाईचे महिने वाया घालवू नयेत. आग झाल्यास तोही बंद करावा.

५. औषध सुरू केल्यावर पंधरा दिवसांत केस आला नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. पेरल्यावर दुसऱ्या दिवशी माती उकरून पाहणाऱ्याचे पीक येत नाही. निदान तीन महिने तरी वाट पाहावी.

शेतात काम करताना

केस हे डोक्याचे छप्पर आहे. ते गेल्यावर उन्हाने कातडी भाजते, म्हणून टोपी, पटका किंवा पदर घेतल्याशिवाय दुपारी शेतात उतरू नये. पापण्यांचे केस गेले असतील तर मळणीच्या वेळी, भुसा उडत असताना किंवा औषध फवारताना डोळ्यांना चष्मा लावावा. नाकातील केस गेले असतील तर धूळ सरळ आत जाते. नाकावर स्वच्छ रुमाल बांधावा. नखे ठिसूळ झाली असतील तर ती आखूड कापावीत आणि शेणाचिखलात हात घालताना जपावे.

घरच्यांचे काम

चाईच्या औषधांत एक औषध घरातच तयार होते, आणि ते म्हणजे सभ्य वागणूक. मुलाला चाई झाली तर आईवडिलांनी शाळेत जाऊन गुरुजींना सांगावे की हा रोग लागत नाही. गुरुजींनी ते वर्गात सर्वांना सांगावे. केस कापणाऱ्या बंधूंनी अशा मुलाला खुर्चीवरून उठवू नये. त्यांची नजर सर्वांत आधी चट्ट्यावर पडते, तेव्हा त्यांनी हळूच बापाच्या कानावर घातले तर त्यांचे उपकारच होतील. फणी वेगळी ठेवण्याचे कारण नाही, माणूस वेगळा ठेवण्याचे तर मुळीच नाही.

आमच्याकडे अशा घरांतील माणसे येतात तेव्हा ती बहुधा औषध विचारण्यापूर्वी ‘आता हिचे कसे होणार?’ असे विचारतात. त्यांना आम्ही हेच सांगतो की मुलीच्या हातात कला आहे, डोक्यात बुद्धी आहे आणि घर चालविण्याची हिंमत आहे. यांतले काहीच चाईने गळालेले नाही. पाहुण्यांपासून चट्टा लपवून ठेवण्यापेक्षा रोगाचे नाव सांगून तो लागत नाही हे स्पष्ट बोलावे. खोट्यावर उभारलेल्या सोयरिकीपेक्षा खऱ्यावर मोडलेली बरी. काहींचे केस सर्व उपाय करूनही येत नाहीत. त्यांनी हवा तर केसांचा टोप वापरावा, हवा तर रुमाल बांधावा, आणि नको असेल तर उघड्या डोक्याने सर्वांत मिसळावे. ज्याने त्याने आपल्या सोयीने ठरवावे. गावाने त्याकडे टक लावून पाहू नये एवढेच.

आज रात्री घरातील मुलांच्या डोक्याला तेल लावताना बोटांनी केस बाजूला करून एकदा नीट पाहा. गोठ्यातील वासरांची तोंडेही पाहा. गुळगुळीत चट्टा दिसला तर घाबरू नका, खवल्यांचा दिसला तर उशीर करू नका, आणि दोन्हींपैकी काहीही दिसले तरी दुकानातील मलम आधी आणि डॉक्टर नंतर असे करू नका.